कडं काढ, दाढी राहू दे

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. गाव माजलगाव तालुक्यात. पुढच्या आठवड्यात वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. माझे केस खांद्यापर्यंत आहेत, दाढी आहे, हातात स्टीलचं कडं आहे. मामा म्हणतात, सगळं भादरून टाक आणि टाय-ब्लेझर घे. पैठण गेटला ब्लेझरचे साडेतीन हजार सांगितले. टेक्निकल कामाला एवढं लागतं का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : ब्लेझर घेऊ नको बाबा. या उन्हात एसटीतून उतरून रिक्षाने गेटपर्यंत पोचशील तोवर तो पाठीला चिकटलेला असेल आणि तुझं निम्मं लक्ष त्याच्यातच. इस्त्रीचा सुती शर्ट, साधी पँट, पुढून बंद असलेले बूट. सँडल घालून गेलास तर इंटरव्ह्यू होईल, पण शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथे, फिरवायचं ठरलं की गेटवरच अडवतील.

मी 27 वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात काढली, त्यातली बरीच वर्षं मुलं निवडायलाही बसलो. उमेदवाराच्या अंगावर मी एकच बघायचो, लोंबतंय काय. मामांचा टाय त्यात पहिला. ड्रिलच्या फिरत्या स्पिंडलने टाय काय नि केस काय, एकदा गुंडाळायला घेतले की मशीन बंद करायच्या लाल बटणापर्यंत हात पोचत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा 22 व्या कलमात चालत्या मशीनला तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, असं लिहिलेलं होतं. आणि ते मालकाने पुरवायचे! हे मामांना जरूर सांग.

तेव्हा केस कापायचे नसतील तर मागे घट्ट बांध, टोपीखाली जातील असे. कडं मात्र काढ. मेंटेनन्सवाल्याचा हात 415 व्होल्टच्या पॅनेलमध्ये जातो, तिथे कडं दोन फेजच्या, म्हणजे वीज असलेल्या दोन तारांच्या मधे टेकलं तर मनगट उरत नाही. आमच्याकडे नांदेडचा एक शीख फिटर होता. त्याच्यासाठी कडं ही श्रद्धेची गोष्ट, ते काढ म्हणायचा प्रश्नच नव्हता. तो कड्यावर जाड पट्टा बांधायचा, वरून बाहीचं बटण लावायचा, दाढी जाळीत, डोक्याला पटका. चालू पॅनेल मात्र तो स्वतःहून दुसऱ्याला उघडायला सांगायचा.

दाढीचं म्हणशील तर खुशाल ठेव, नीट कापलेली. पेंट शॉपमध्ये टाकणार असतील तर वेगळी गोष्ट. तिथला मास्क दाढीवर बसत नाही, कडेने वाफ आत येते. पण ते आधी त्यांनाच विचार. असा प्रश्न विचारणारा पोरगा मला तरी आवडला असता.

उगीच रूप बघणारे असतात का? असतात. त्यात मीही होतो. सिल्लोडकडचा एक मुलगा आला होता, कॉलर विरलेली. टेबलावरचा बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर आणि एक पिन त्याच्यापुढे सरकवली, माप सांग म्हटलं. आधीचा ब्लेझरवाला पिन धरून लगेच आकडा बोलला होता, तोही चुकीचा. याने मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं शर्टाच्या टोकाने पुसली, रिकामा मायक्रोमीटर मिटवून शून्य बघितलं, आणि म्हणाला, "सर, हा दोन शतांश पुढे दाखवतोय." मग पिन मोजली, तेवढे वजा करून आकडा सांगितला. बरोबर. शर्टावर तेलाचा काळा डाग. तो गेल्यावर एचआरचे साहेब म्हणाले, "शर्टाला पुसतो, शिस्त नाही." मी तोंड उघडलं नाही. कागदावर सही केली. घेतला ब्लेझरवाल्याला. पुढे सहा महिने त्याची मापं मीच पुन्हा तपासत बसलो.

तर केस बांध, कडं घरी ठेव, ब्लेझरचे पैसे राहू दे. आणि खिशात एक स्वच्छ सुती फडकं ठेव, शर्ट खराब करू नको.