डिव्हिजन थ्रीचा हंगाम पाहायला घेताना

आपण अमेरिकी कॉलेज फुटबॉलची ओळख डिव्हिजन थ्रीपासून, म्हणजे कॉलेज संघांच्या तिसऱ्या श्रेणीपासून, करून घेत आहात, हे उत्तमच. मात्र दोनशेहून अधिक संघांच्या मागे धावू नका. विस्कॉन्सिन किंवा ओहायोमधील एकच कॉन्फरन्स (आपसात नियमित खेळणाऱ्या संघांचा गट) निवडून सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे तिचे सामने नेमाने पाहा. नवखे प्रेक्षक मोठ्या फरकाच्या विजयांना हमखास भुलतात. परंतु कॉन्फरन्समधील निसटती लढत अधिक मोलाची असते, कारण कॉन्फरन्सच्या विजेत्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, थेट प्रवेश मिळतो. येथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, तेव्हा डिव्हिजन वन या सर्वोच्च श्रेणीच्या मापाने कोणालाही मोजू नका. ओहायोतील माउंट युनियन या कॉलेज संघाची 13 विजेतेपदे ठाऊक असावीत, आणि 2023 च्या स्टॅग बाउलमध्ये, म्हणजे या श्रेणीच्या अंतिम सामन्यात, कॉर्टलंडने नॉर्थ सेंट्रलला 38-37 असे हरवले, हेही. प्लेऑफमधील उर्वरित संघांच्या निवडीचे निकष तूर्त बाजूलाच ठेवा.