क्रोशाचा टेबल रनर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जाळीची वीण दिसायला सोपी असते. एक खांब (सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेला उभा टाका), दोन साखळ्या (एकातून एक ओढलेले साधे फास), पुन्हा खांब, की झालं रिकामं घर. त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की भरीव घर. रिकाम्या घरांच्या जाळीत भरीव घरांनी फूल, पान, मोर काहीही काढता येतं. तरीही रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांबट पट्टी) तिरका जातो, कडेला झालर पडते, गुलाब चपटा दिसतो. यंदा आलेले बहुतेक प्रश्न याच तक्रारींचे आहेत.

प्रश्न: आमचं जेवणाचं टेबल 150 सेंमी लांब आणि 90 सेंमी रुंद आहे. रनरला किती साखळ्या घालू आणि दोरा किती आणू? दुकानात 10 आणि 20 नंबरचा दोरा दाखवतात.

दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, म्हणजे 20 नंबर 10 पेक्षा बारीक. पहिलाच रनर असेल तर 10 नंबरचा सुती दोरा आणि 1.5 मिमीची सुई घ्या. स्टीलच्या सुयांवरचे नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून सुई मिलिमीटर बघूनच घ्यावी.

रनरची रुंदी टेबलाच्या साधारण एक तृतीयांश ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी 30 सेंमी. दोन्ही टोकांना 15-15 सेंमी लोंबू द्यायचं तर लांबी 180 सेंमी होईल.

साखळ्यांचा आकडा मात्र आम्ही इथून सांगू शकत नाही, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. 20 घरं रुंद आणि 20 ओळी उंच असा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मग मोजा. समजा तो 12 सेंमी रुंद भरला. म्हणजे एक घर 6 मिमीचं, आणि 30 सेंमीला 50 घरं. आपण 51 धरू, म्हणजे नक्षीला नेमकं मधलं घर मिळेल. घरांची तिप्पट अधिक एक, हे तळाचे टाके: 51 घरांना 154. ओळीतलं पहिलं घर भरीव असेल तर त्यात 2 मिळवून 156 साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत खांब घ्या. पहिलं घर रिकामं असेल तर 4 मिळवून 158 घाला आणि आठव्या साखळीत खांब घ्या.

दोऱ्याचा अंदाजही त्याच तुकड्यावरून येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो तोलून बघा. 12 बाय 12 सेंमीचा तुकडा 4 ग्रॅम भरला, तर 30 बाय 180 च्या रनरला 150 ग्रॅम लागेल. काठ आणि उसवाउसवीसाठी 15 टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण 175 ग्रॅम. सगळे गुंडे एकदमच आणा आणि लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर) जुळतो ना ते बघा. महिन्याभराने आणलेला पांढरासुद्धा जुन्या पांढऱ्याशेजारी पिवळट दिसतो.

प्रश्न: रनरचं सुरुवातीचं टोक आवळलेलं आणि शेवटचं पसरलेलं दिसतं. असं का?

सुरुवातीची साखळी घट्ट पडली आहे. साखळीपुरती एक माप मोठी सुई वापरा, 1.5 ऐवजी 1.75 मिमी, आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. याहून चांगला उपाय म्हणजे रनर मधूनच सुरू करणं. साखळी मध्यावर घाला, तिच्यावर मधली एक ओळ आणि पुढे 150 ओळी विणा. मग काम उलटं धरून साखळीच्या खालच्या बाजूला दोरा जोडा आणि तिकडेही 150 ओळी करा. खालच्या बाजूने विणताना खांबाच्या पायाखालीच खांब येऊ द्या, म्हणजे जोड दिसत नाही. 6 मिमीच्या घराने 301 ओळींची लांबी 180 सेंमी होते आणि दोन्ही टोकांची नक्षी एकमेकींच्या आरशातल्यासारखी येते. टोकावर पक्षी किंवा कमान असेल तर हीच पद्धत वापरावी.

प्रश्न: पंधरा-वीस ओळींनंतर एक बाजू आत सरकत जाते.

ओळीचा शेवटचा खांब सुटतो आहे. भरीव घराने ओळ सुरू करताना आपण 3 साखळ्या घालतो आणि त्या पहिल्या खांबाच्या जागी धरतो. रिकाम्या घराने सुरू करताना 5 घालतो: 3 खांबाच्या, 2 वरच्या. परत येताना ओळीचा शेवटचा खांब दोन्ही वेळा खालून तिसऱ्या साखळीत जायला हवा. ती साखळी वळणात आडवी पडलेली असते, पटकन दिसत नाही, म्हणून टाका तिच्या आधीच संपवला जातो. विणताना त्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, परत आल्यावर चुकणार नाही.

बाजू बाहेर सरकत असेल तर उलट चूक आहे: 3 साखळ्या घातल्यावर त्यांच्याच बुडात आणखी एक खांब पडतो. दर पाच ओळींनी उभे खांब मोजा. 51 घरांना ते 52 असतात. आणि जमेल तिथे दोन्ही कडांची पहिली-शेवटची घरं भरीव ठेवा. कड सरळ राहते आणि काठ घालायला आधार मिळतो.

प्रश्न: नक्षीच्या चौकटींच्या आलेखावर गोल असलेला गुलाब विणल्यावर चपटा दिसतो.

घर चौकोनी नाही. तुमच्या 20 घरांची रुंदी 12 सेंमी असेल आणि 20 ओळींची उंची 10 च, तर गुलाब चपटणारच. खांबाची उंची ठरते ती पहिल्या ओढीवर. दोऱ्याचा वेढा घेऊन सुई घरात घातली, दोरा ओढून वर आणला, तेव्हा तो फास किती उंच उचलला यावर. अंगठ्याने सुई किंचित वर उचला, तेवढ्याने ओळीमागे पाव-अर्धा मिलिमीटर वाढतो. घरं उभट येत असतील तर तोच फास खाली ठेवा. सुई बदलली तर रुंदी आणि उंची दोन्ही बदलतात, म्हणून आधी हात सुधारून बघा. सगळ्या रनरची मिळून दोन-तीन सेंमीची कसर शेवटी ताणून वाळवताना निघते, त्याहून जास्त निघत नाही.

प्रश्न: व्हिडिओत ‘डबल क्रोशे’ सांगतात, पण माझी वीण बुटकी येते.

नमुना अमेरिकन आहे आणि तुम्ही ब्रिटिश पद्धतीने वाचता आहात. अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल, म्हणजे आपला मुका खांब (वेढा न घेता विणलेला बुटका टाका). अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आढळलं की तो अमेरिकन समजा; ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरत नाहीत.

प्रश्न: दहा ओळी पुढे गेल्यावर खालची चूक दिसली. उसवावंच लागेल का?

भरीव हवं तिथे रिकामं घर राहिलं असेल तर नाही. त्याच दोऱ्याचा तुकडा बोथट सुईत ओवा आणि खालच्या टाक्यापासून वरच्या साखळीपर्यंत दोन उभे खांब भरून काढा, प्रत्येकाला दोन-तीन पीळ देऊन. हातभर अंतरावरून कळत नाही. रिकामं हवं तिथे भरीव झालं असेल तर उसवण्याला पर्याय नाही. कात्री लावू नका, वरचे टाके सुटतात.

नवा दोरा जोडतानाही भरीव घरच शोधा. जुन्या दोऱ्याने खांबाचे शेवटचे दोन फास राहिले की ते नव्या दोऱ्याने ओढून पुरे करा आणि दोन्ही शेपट्या 4-5 सेंमी भरीव घरांत फिरवा, एकदा जाऊन एकदा परत येऊन. चकचकीत दोऱ्याची गाठ सुटते, तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न: काठ लाटांसारखा उठतो.

टाके जास्त झाले. एका घराच्या रुंदीत तीन टाके बसतात. घर चौकोनी असेल तर बाजूच्या ओळीलाही तीन मुके खांब बसायला हवेत. झालर पडत असेल तर एका ओळीत तीन, पुढच्या ओळीत दोन घाला. कोपऱ्यावर एकाच जागी तीन घाला, नाहीतर कोपरा आत वळतो.

प्रश्न: खळ कशी द्यावी? आणि आमटीचा डाग पडला तर?

एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. आधी थोड्या गार पाण्यात कालवा, उरलेल्या पाण्यात घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा, कोमट झालं की गाळा. रनर बुडवून न पिळता दाबून पाणी काढा, गादीवर जाड टॉवेल अंथरून आधी मध्य, मग चार कोपरे, मग मधली अंतरं अशा न गंजणाऱ्या पिनांनी ताणा. पूर्ण वाळेपर्यंत पिना काढू नका. पावसाळ्यात रनर ठेवून द्यायचा असेल तर खळ धुऊन टाका, नाहीतर बुरशी येते आणि झुरळं कुरतडतात. घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो. घाबरू नका, हळदीला साबणातला अल्कली लागला की असंच होतं. भांडी घासायच्या द्रव साबणाने तेल काढा, खळखळून धुवा आणि पांढरा रनर ओला असतानाच कडक उन्हात टाका. उन्हाने हळद उडते. राहिलाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून वाळवा. रंगीत दोऱ्याचा रनर मात्र सावलीतच वाळवावा.