सातारच्या जेलमध्ये पूर्वी फाशी दिली जायची का?

सातारला पाहुणे आले की हा प्रश्न हमखास निघतो, कारण 'फाशीचा वड' हे नाव त्यांच्या कानावर आलेलं असतं. मी इथलाच. सध्याचं सांगायचं तर आपल्या जिल्हा कारागृहात फाशी होत नाही. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच जेलमध्ये आहे. कसाबला 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली, याकूब मेमनला 30 जुलै 2015 ला नागपुरात. सातारच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, तरी आधी ती हायकोर्टात कायम व्हावी लागते.

पण सातारची खरी फाशी भिंतीआड झालीच नाही. ती झाली शाहूपुरीकडच्या गेंडामाळावर, जिथे हा 'फाशीचा वड' आहे तिथे, उघड्यावर, 8 सप्टेंबर 1857 रोजी.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 मध्ये गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेत तब्बल 14 वर्षं खेटे घालत राहिले. हाती काही लागलं नाही, उलट 1848 मध्ये राज्यच खालसा झालं. परत आल्यावर त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली, पण बेत फुटला. रंगो बापूजी निसटले ते कायमचे, इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. मुलगा सीताराम मात्र सापडला.

8 सप्टेंबरच्या त्या दिवशी 17 जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या आणि सहा जणांना तोफेच्या तोंडी दिलं. तोफेच्या तोंडी म्हणजे माणसाला तोफेच्या नळीला बांधायचं आणि बत्ती द्यायची. मागे अंत्यविधीला देहसुद्धा उरत नाही. बघणाऱ्यांच्या मनात दहशत बसावी म्हणूनच हा प्रकार होता. एकाच गुन्ह्याला तीन तऱ्हांचं मरण देणं हा न्याय नव्हता, जरब बसवण्याचं काम होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहानपणी वडील मला तिथे घेऊन गेले होते. चपला बाहेर काढायला लावल्या आणि म्हणाले, "इथं मोठ्यानं बोलायचं नाही." आजही मी तिथे गेलो की आवाज आपोआप खाली येतो.

बरेच जण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चार भिंतीलाच ती जागा समजतात. तिथेही 1857 च्या वीरांचं स्मारक आहे, पण माणसं मारली ती गेंडामाळावर. सातारला आलात तर रिक्षावाल्याला 'फाशीचा वड' एवढंच सांगा.