ढासळती थडी, गावाची नोंदवही
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या अंकात नदीच्या थडीला आणि धरणाच्या फुगवट्यालगत दर वर्षी तुटत जाणाऱ्या जुन्या वसाहतींविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या पांढरीचा (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाचा) गोदावरीकडचा कडा दरसाल तुटतो. यंदा पाणी उतरल्यावर विटांचा थर, राख आणि एकावर एक बसवलेली भाजक्या मातीची कडी उघडी पडली. पुढच्या पावसात हे राहणार नाही. गावातली काही तरुण मुलं आणि शाळेचे गुरुजी तयार आहेत. नेमकं काय करावं? (पैठण तालुक्यातील वाचक)

उत्तर : आधी थडीच्या वरून बघा. काठाला समांतर भेग गेलेली असेल तर त्या भागाखाली कुणीही जायचं नाही. पांढरीची माती वाळली की भिंतीसारखी ताठ उभी राहते, त्यामुळे ती भक्कम वाटते. पण पूर ओसरतो तेव्हा आतली माती ओली आणि जड असते, समोरून तिला धरून ठेवणारं पाणी मात्र निघून गेलेलं असतं. अशा वेळी फळीच्या फळी खाली बसते. म्हणून पाणी उतरल्यावर पहिले पंधरा दिवस खाली उतरू नका. त्यानंतरही थडीची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर पायथ्यापासून ठेवा. धरणातून विसर्ग सुटणार आहे का, ते त्या सकाळी विचारून घ्या. एकट्याने जाऊ नका, आणि एक जण वर उभा राहून लक्ष ठेवणारा हवाच. शाळेच्या मुलांना वहीचं आणि वरच्या मोजमापाचं काम द्या.

मग जागेची खूण. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश घ्या, दशांश चिन्हापुढे पाच आकडे लिहा. पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो. पण मोबाईल उघड्या रानातही तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणून विहिरीचा कठडा, देवळाचा ओटा, विजेचा खांब अशा दोन न हलणाऱ्या जागांपासून टेपने अंतर मोजून लिहा. सोबत गट क्रमांक आणि तारीख. एवढं झालं तरी निम्मं काम झालं, कारण जागा न लिहिलेली वस्तू कितीही सुंदर असली तरी तिच्यावरून गावाचा इतिहास पुढे सरकत नाही.

फोटो ढगाळ दिवशी किंवा कड्यावर पूर्ण सावली असताना काढा. अर्धं ऊन, अर्धी सावली असली की थर दिसतच नाहीत. मापासाठी पीव्हीसी पाइपला वीस-वीस सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवून एक मीटरची काठी करा. जिथे कडा कमरेएवढा आहे तिथे ती टेकवून ठेवा. उंच कड्याला मात्र जवळ जाऊ नका, काठी वरून दोरीला बांधून सोडा. आधी लांबून अख्खा कडा, मग तीन-चार मीटरचा भाग, मग एकेक थर. नंतर काठाला समांतर चालत, झूम न बदलता, दर पावलाला एक फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान दोन तृतीयांश भाग आला पाहिजे. अशा साठ-सत्तर फोटोंवरून पुढे जाणकार संगणकावर कड्याची त्रिमितीय प्रतिकृती करू शकतात. कडा वाहून गेला तरी तिच्यावर मोजमाप घेता येतं.

बुटक्या कड्याचं चित्रही काढा. गवंड्याकडची पाणसळ आणि ओळंबा पुरेसा आहे. सुतळी पाणसळीत आडवी ताणा आणि दर पन्नास सेंटिमीटरवर सुतळीपासून प्रत्येक थराची सीमा किती वर किंवा खाली आहे ते मोजा. आलेखाच्या कागदावर एक मीटरला पाच सेंटिमीटर हे प्रमाण धरा.

थराचं वर्णन साध्या शब्दांत लिहा : रंग, हाताला कसा लागतो, आत काय दिसतं. राखेचंच बघा. राख पिठासारखी मऊ, करडी असते. तिच्याखालची माती भाजून तांबूस झालेली असेल तर आग तिथेच पेटली होती, म्हणजे ती चूल, भट्टी किंवा जळालेलं घर असू शकतं. खालची माती साधीच असेल तर राख दुसरीकडून आणून टाकलेली आहे, तो उकिरडा असू शकतो. हा फरक एका बोटाच्या जाडीत दिसतो आणि एका पावसात जातो.

भाजक्या मातीची कडी म्हणजे कड्यांचा आड, एकावर एक कडी रचून केलेली विहीर. सातवाहन काळातल्या वसाहतींत असे आड सापडतात. काही पाण्यासाठी असत, काही सांडपाणी जिरवण्यासाठी. लोकांचा डोळा भाजक्या मातीच्या कड्यावर असतो, पण मोलाचं असतं ते आत भरलेलं : फुटकी भांडी, हाडं, कधी धान्याचे जळके दाणे. कडं ओढून काढलं की आतला भराव कोसळतो आणि सगळं मिसळतं. ते जागेवरच राहू द्या, कड्याचा व्यास आणि जाडी मोजा, किती कडी दिसतात ते मोजा, विटांची लांबी-रुंदी-जाडी घ्या. त्या काळच्या विटा आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब असतात, तेव्हा आकडा लिहिलेला असला की काळाचा अंदाज करायला मदत होते.

सगळ्यात जास्त नुकसान उत्साहाने होतं. फोटो छान यावा म्हणून कुणीतरी खुरप्याने कडा खरवडतो. उघडी पडलेली ताजी माती पुढच्या सरीत आणखी लवकर सुटते. शिवाय परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि खरवडणं हे त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल आहे. पायथ्याला आधीच गळून पडलेली खापरं कोणत्या थरातली हे सांगता येत नाही. त्यांचा फोटो काढून ती तिथेच ठेवा. तज्ज्ञांनी गोळा करायला सांगितलं तर वेगळ्या पिशवीत ठेवून चिठ्ठीवर पेन्सिलने 'पायथ्याची' असं लिहा. शाई ओलीत फुटते. ओली खापरं सावलीत वाळवल्याशिवाय पिशवी बंद करू नका, बुरशी येते.

वहीची प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला पाठवा. एक प्रत ग्रामपंचायतीत हवीच.

प्रश्न : काठ वर्षाला किती तुटतो हे कसं मोजायचं? खुंट्या ठोकल्या तर पुरात जातात. (परभणी जिल्हा)

उत्तर : काठावर ठोकल्या तर जाणारच. आणि पांढरीत लोखंडी गज ठोकणं म्हणजे आपणच थर फोडणं. काठापासून पंधरा-वीस मीटर आत, पांढरीच्या बाहेर, मोठा दगड, बांधावरचा लिंब किंवा खांब अशा चार-पाच खुणा निवडा आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक खुणेपासून काठापर्यंत ठरलेल्या दिशेने टेपने अंतर मोजा. दिशा पलीकडच्या तीरावरच्या एखाद्या ठळक खुणेची धरा, म्हणजे दर वेळी माप त्याच रेषेत येईल. वर्षातून दोनदा मोजा : मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. दोन्ही मापांतला फरक म्हणजे पावसाळ्याची तूट. दिवाळीनंतरही काठ मागे हटत असेल तर कारण पुराचं नाही. फुगवट्याचं पाणी झपाट्याने उतरणं, वाऱ्याच्या लाटा, शेताचं पाणी काठावरून घळीत पडणं किंवा जवळचा वाळूउपसा ही कारणं तपासा. वाळू उपसली की नदीचं पात्र खोल जातं, थडीचा पायथा उघडा पडतो. वरून बांध घालून हे थांबत नाही. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात, मागची काही वर्षं त्यावरून ताडून पाहा.

प्रश्न : नदीत सापडलेली जुनी नाणी चिंचेने घासली तर चकाकतात. चालेल का? (धाराशिव जिल्हा)

उत्तर : अजिबात नाही, कृपा करून हे थांबवा. चिंच, लिंबू, दंतमंजन यांनी तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर जातो, आणि अक्षरं-चिन्हं बहुतेक त्याच थरात टिकलेली असतात. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाची आहेत. शिसं मऊ असतं, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. शिशाचं नाणं लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवलं तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि नाण्याचं हळूहळू पीठ होतं. पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, प्रत्येक नाणं वेगळं ठेवा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते बाकीच्यांपासून लगेच बाजूला करा.

नाणी घरात ठेवणं हा उपाय नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही, खासगी माणसाला देशाबाहेर तर पाठवताच येत नाही. तुमच्याच जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. तेरच्या पांढरीतून गोळा झालेला एवढा मोठा ठेवा आज एका छताखाली बघता येतो, तो तिथेच जाऊन एकदा पाहा.

प्रश्न : नोंद केली तर सरकार शेत घेईल, अशी भीती आहे. (जालना जिल्हा)

उत्तर : नोंद केल्याने सातबारा बदलत नाही. एखादी जागा केंद्राने संरक्षित करायची तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे आधी सूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. संरक्षित झाल्यावर मात्र शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, हेही खरं आहे आणि ते शेतकऱ्याला आधीच सांगितलं पाहिजे. तुमच्याच जिल्ह्यात भोकरदनला १९७३ च्या सुमारास उत्खनन झालं, तेव्हा सांचीच्या शिलालेखांत दान देणारी माणसं ज्या भोगवर्धनची आहेत ते हेच गाव, या मताला जमिनीतला आधार मिळाला. आजही तिथे लोक राहतात.

प्रश्न : समुद्रकाठी गावकरी असं काम करतात म्हणे. त्यातलं आपल्याला काय उपयोगी? (लातूर)

उत्तर : स्कॉटलंडमध्ये २०१२ ते २०१६ या काळात किनाऱ्यावरच्या धोक्यातल्या जागा स्थानिक स्वयंसेवकांनी फिरून तपासल्या आणि जुन्या नोंदी अद्ययावत केल्या. त्यांची क्रमवारी लावण्याची रीत घेण्यासारखी आहे : जागा किती महत्त्वाची आणि किती लवकर जाणार, या दोन्हींचा एकत्र विचार. महत्त्वाची पण सुरक्षित जागा थांबू शकते. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर २०१३ मध्ये आठ लाख वर्षांहून जुने माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले आणि दोनेक आठवड्यांत लाटांनी पुसले गेले. उरल्या त्या नोंदी आणि त्रिमितीय प्रतिकृती. आपल्याकडे समुद्राचं वादळ नाही, पण फुगवट्याची चढउतार आहे आणि गाळपेरीचा, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळात होणाऱ्या पेरणीचा, नांगर आहे. पाणी उतरलं की गाळपेर सुरू होण्याआधीचे काही दिवस हाच पाहणीचा हंगाम.

प्रश्न : काठात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी दिसत आहेत. आत काय असेल? फोडून बघावं का? (पैठण तालुका)

उत्तर : फोडू नका. जोर्वे संस्कृतीत, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वी, लहान मूल गेलं की अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. गोदाकाठी आपेगावलाही त्या संस्कृतीची वस्ती होती. फोटो आणि मापं घ्या. मडक्यांवर स्वच्छ सुती कापड टाका, त्यावर चाळलेली कोरडी माती हलक्या हाताने लोटा, वर गोणपाट. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. माणसाची हाडं उघडी दिसली तर पोलीस पाटलांना आणि तहसीलदारांना त्याच दिवशी कळवा, आणि पुरातत्त्व विभागाची माणसं येईपर्यंत तिथे रात्रीही कुणीतरी बसा.