दोन एकरांत लव्हाळा, हरळी, केना माजलाय. तणनाशक मारायचं नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय: काळी जमीन, दीड एकर सोयाबीन-तूर, अर्धा एकर भाजीपाला, खुरपणीला माणसं मिळत नाहीत आणि दरवर्षी पेरणीआधी रोटाव्हेटर मारूनही तण वाढतंच आहे. 'मारूनही' नाही, बऱ्याच अंशी मारल्यामुळेच वाढतंय.

लव्हाळ्याचं एक रोप हाताने उपटून बघा. पात कट्‌कन हातात येते, गाठ खालीच राहते. आता खुरप्याने वीतभर खणा. एका गाठीतून दोऱ्यासारखं मूळ निघतं, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. माळेत मणी ओवावेत तशी. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ मागच्या गाठींचे डोळे दाबून ठेवते. रोटाव्हेटर माळ तोडतो आणि झोपलेली प्रत्येक गाठ फुटते. हरळीचंही तेच, दोन पेरांचा तुकडाही नव्याने धरतो. या दोन्हींच्या रानात रोटाव्हेटर बंद करा, आधी हे.

दोन्हींचा खरा शत्रू म्हणजे एप्रिल-मेचं ऊन. रब्बी निघाल्यावर पलटी नांगराने वीतभर खोल, 20 ते 25 सेंमी, नांगरट करा. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. नांगर उथळ चालला तर खालची मुळं ओल पुरवत राहतात आणि गाठ वाळत नाही. ढेकळांच्या आतल्या गाठीही वाचतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ढेकळं फोडून रान पुन्हा उलथंपालथं करा. या काळात पाणी द्यायचं नाही. अवकाळी पाऊस झाला तर पुन्हा वखर, म्हणजे आडव्या पात्याचं अवजार, फिरवा. हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या पेरं असलेल्या मुळ्या, मात्र वखरामागे वेचाव्याच लागतात, त्याला पर्याय नाही. वेचलेल्या काशा उकिरड्यावर टाकू नका. शेणखताबरोबर त्या परत रानात येतात. बांधाबाहेर कडक जागेवर पसरून मोडल्यावर काडीसारखा आवाज येईपर्यंत वाळवा. एका उन्हाळ्यात लव्हाळा संपणार नाही, तीन उन्हाळे धरून चला.

बियांवर येणाऱ्या तणांचा हिशेब वेगळा. पहिला चांगला पाऊस झाला की पेरणीची घाई करू नका. आठ-दहा दिवस तण उगवू द्या, ते दोन पानांवर असताना वापशावर, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, वखराची पाळी घाला, मग पेरा. पाळी उथळ हवी, दोन-तीन बोटं. खोल गेलात तर खालचं नवं बी वर आणता आणि मेहनत वाया जाते. पाऊसच उशिरा आला, जुलैचा पहिला आठवडा उलटला, तर मात्र ही चैन सोडा. पेरणी लांबल्याचा तोटा तणापेक्षा मोठा.

सोयाबीन फेकून पेरू नका. दोन ओळींत 45 सेंमी ठेवा, म्हणजे ओळींमधलं तण कापणारं कोळपं फिरेल. पहिली कोळपणी 15 ते 20 दिवसांनी, दुसरी 30 ते 35 दिवसांनी. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका, मुळं तुटतात. पुढे पिकाचा पाला ओळी झाकतो आणि सावली लव्हाळ्याला अजिबात मानवत नाही. कोळप्याची पास, म्हणजे पातं, धारदार हवी. बोथट पास तण कापत नाही, नुसतं आडवं पाडते. ओल्या रानात कोळपं चिखल ओढतं आणि तण जागच्या जागी पुन्हा लागतं. सकाळी पाळी घातली आणि दुपारभर ऊन मिळालं, तर निम्मं काम ऊनच करतं. ओळीतलं तण तेवढं खुरप्याने काढावं लागतं, पण मजुरी बरीच वाचते.

केना मात्र ऊन नसेल तर कोळप्याला हसतो. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे झडीच्या दिवसांत कापलात तर एकाचे पाच होतात. शिवाय तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. म्हणून लहान असतानाच मुळासकट उपटा आणि पाटीत घालून रानाबाहेर न्या. (कोवळ्या पानांची भजी उत्तम होतात, पण अर्धा एकर केना कोणी खाऊन संपवलेला नाही.)

भाजीपाल्याच्या तुकड्यात प्लास्टिक मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, विचार असेल तर थांबा. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, 25-30 मायक्रॉनचा कागद तो सरळ भोसकून वर येतो. कागद इतर तणांना चालतो, याला नाही. त्याऐवजी लव्हाळ्यावर सावली पडावी म्हणून जूनमध्ये तिथे ताग दाट पेरा, एकरी 25 किलो धरून अर्ध्या एकराला साडेबारा किलो. 45 ते 50 दिवसांत, फुलकळी दिसताच तो मातीत गाडून टाका. उशीर केलात तर काडी जून होते आणि कुजायला वेळ घेते. रोपं लावल्यावर उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा. पातळ अंथरलंत तर फटीतून तण येतं आणि खुरपंही चालत नाही. पाचट वरच राहू द्या. मातीत मिसळलं तर कुजताना नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं.

बांध आणि पाटाच्या कडाही बघा. गाजर गवत पांढरं फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालूनच. अंगाला खाज सुटते. फुलल्यावर उपटून बांधावर टाकलं तरी बी पडायचं ते पडतंच.