ऑडी, व्होल्व्हो, निव्हिया : फुल फॉर्म नव्हे, धातू

एका वाचकांनी विचारलं आहे : 'ऑडी म्हणजे आउटो युनियन डॉइचलांड इंगोलश्टाट, असं वाचनात आलं. हे बरोबर आहे का? तसंच व्होल्व्हो आणि निव्हिया यांचे फुल फॉर्म काय?'

बरोबर नाही. आणि तिघांपैकी एकालाही फुल फॉर्म नाही. नाव दिसलं की त्याची अक्षरं सुटी करायची आणि प्रत्येक अक्षराला एकेक शब्द लटकवायचा, हा प्रकार इतका बोकाळला आहे की साधं विशेषनामही कुणी साधं राहू देत नाही. आदिदासचंच बघा. आडोल्फ डास्लरला सगळे 'आदि' म्हणायचे. त्याने ते लाडाचं नाव आणि आडनावाचा पहिला तुकडा जोडला आणि १९४९ साली कंपनी नोंदवली. विषय संपला. तरीही 'ऑल डे आय ड्रीम अबाउट स्पोर्ट्स' हे वाक्य सामान्यज्ञान म्हणून फिरतंच आहे. जर्मनीतल्या जर्मन माणसाने आपल्या बुटांचं नाव इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं काढून का ठेवावं, एवढी शंकासुद्धा कुणाला येऊ नये?

ऑडीबद्दल तर नुसत्या तारखा पुरतात. आउगुस्ट होर्श याने १८९९ मध्ये मोटारींची पहिली कंपनी काढली. दहा वर्षांनी संचालकांशी बिनसलं. तो बाहेर पडला आणि त्याच त्स्विकाउ शहरात त्याने दुसरी कंपनी थाटली. जुन्या कंपनीने दावा लावला की 'होर्श' हे नाव आमचं आहे. तिचं म्हणणं कोर्टाने मानलं आणि आपल्याच गाडीला आपलंच आडनाव लावायची चोरी झाली. पुढचं होर्शने स्वतःच सांगितलं आहे : नवं नाव ठरवायला मंडळी एका मित्राच्या घरी जमली होती, त्या मित्राचा शाळकरी मुलगा तिथेच लॅटिनचा अभ्यास करत बसला होता, आणि नाव त्याने सुचवलं. 'होर्श' हे जर्मन क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे : ऐक, कान दे. त्याचं लॅटिन रूप 'आउडी'. नाव ठरलं ते १९१० मध्ये. आउटो युनियन हा चार कंपन्यांचा संघ झाला १९३२ मध्ये, ऑडीच्या चिन्हातल्या चार कड्या त्याच्याच. इंगोलश्टाट या गावाशी संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये. म्हणजे नाव आधी, संघ बावीस वर्षांनी आणि गाव एकोणचाळीस वर्षांनी. आता ठरवा, कुठला फुल फॉर्म आणि कसला.

जर्मन उच्चार 'आउडी' असा आहे. मराठीत 'ऑडी' रुळलं आहे, ते तसंच राहू दे.

या 'आउडी'चा एक नातेवाईक आपण रोज वापरतो. लॅटिन 'आउदीरे' म्हणजे ऐकणे. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच आदिभाषेच्या लेकी, आणि त्या भाषेत 'आउदीरे'च्या मुळाशी जो शब्द आहे तोच संस्कृतात 'आविस्' होऊन आला : उघड, स्पष्ट, जाणवेल असं. त्यावरून आविर्भाव, त्यावरून आविष्कार. ग्रीकमध्ये त्याच मुळापासून 'जाणवणे' अशा अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यापुढे नकार लागून 'ॲनेस्थेशिया' झाला, म्हणजे न जाणवणं. आता विषय निघालाच आहे तर सांगतो : मराठीत आविष्कार म्हणजे प्रकटीकरण. कलाविष्कार, भावनांचा आविष्कार. 'नव्या इंजिनाचा आविष्कार केला' हे हिंदी झालं. इंजिनाचा मराठीत शोध लागतो. हे वाक्य बातम्यांमध्ये ऐकलं की कान किटतात.

आद्याक्षरांची खरी नावं नसतात, असं मी म्हणत नाही. आयकिया हे तसं आहे : इंगवार काम्प्राड हा माणूस, एल्मतारिड हे त्याचं शेत, आगुनारिड हे त्याचं गाव, वर्ष १९४३. फियाटही तसंच : १८९९ साली तोरिनोमध्ये निघालेल्या 'फाब्रिका इतालियाना आउतोमोबिली तोरिनो'ची आद्याक्षरं. पण फियाटची गंमत अशी की ही आद्याक्षरं जुळवल्यावर एक अस्सल लॅटिन शब्द तयार होतो. 'फियाट' म्हणजे 'होवो', लॅटिन बायबलात प्रकाश निर्माण करताना देव उच्चारतो तोच. तो ज्या धातूपासून आला तो संस्कृतातला 'भू'. आणि आपलं 'होणे' कुठून आलं? भवति, प्राकृतात होइ, मराठीत होतो. म्हणजे 'फियाट'चं भाषांतर 'होवो' असं करताना आपण एका भावंडाच्या जागी दुसरं भावंड उभं करत असतो.

व्होल्व्होकडे येतो. हा शब्द लॅटिन, क्रियापद, वर्तमानकाळ, प्रथम पुरुष, एकवचन. त्याचा अर्थ सगळीकडे 'मी फिरतो' असा छापतात आणि तिथे माझा विरोध सुरू होतो. अहो, 'फिरतो' कशाला? मराठीत 'वळतो' हा शब्द हजर आहे, आणि तो अर्थानेच नव्हे, वंशानेही त्याच घरचा आहे! संस्कृत वलते, वलय. मराठी वळणे, वळण, वळसा, वळकटी. लॅटिनमध्ये या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : दिशा बदलणे आणि गोल गोल गुंडाळणे किंवा गडगडवणे. मराठीतही अगदी तसेच दोन. रस्ता वळतो आणि दोरही वळतात, माणूस वळतो आणि मूठही वळते. हिंदीतल्या 'मुड़ना'ला दोर वळता येत नाही, इंग्रजीतल्या 'टर्न'लाही नाही. पुस्तकाच्या खंडाला 'व्हॉल्यूम' म्हणतात तेही याच क्रियापदावरून, कारण लिहिलेला लांब कागद गुंडाळून ठेवत असत. व्हॉल्यूम म्हणजे अक्षरशः वळकटी.

हे नाव मोटारीसाठी ठेवलेलंच नव्हतं. एसकेएफ या स्वीडिश कंपनीने १९१५ मध्ये ते बॉल बेअरिंगसाठी नोंदवलं. बेअरिंग उघडून पाहिलं तर नाव लगेच पटतं : दोन पोलादी कड्या, त्यांच्यामधल्या खाचेत बसवलेल्या गुळगुळीत गोळ्या आणि एक कडी हलली की प्रत्येक गोळी स्वतःभोवती वळत खाचेतून पुढे जाते. 'मी वळते' असं तीच म्हणते आहे. पुढे नाव पडून राहिलं आणि मोटारीचा घाट घातला गेला तेव्हा बाहेर काढलं गेलं. पहिली व्होल्व्हो गाडी १४ एप्रिल १९२७ रोजी योटेबोरीच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आता निव्हिया. खरं तर मला लिहायचं होतं ते याच्याबद्दल.

हँबर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने हे क्रीम १९११ साली बाजारात आणलं. लॅटिन 'निक्स' म्हणजे बर्फ, त्याची षष्ठी 'निविस', त्यावरून विशेषण 'निवेउस', स्त्रीलिंगी 'निवेआ' : बर्फासारखी शुभ्र, हिमधवला. इथपर्यंत कुठेही वाचायला मिळतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मजा इथून पुढे आहे.

बर्फाचा हा शब्द सगळ्या युरोपभर पसरलेला आहे. इंग्रजीत स्नो, जर्मनमध्ये श्ने, रशियनमध्ये स्नेग, लिथुएनियनमध्ये स्निएगास. लॅटिनने सुरुवातीचा 'स्' टाकला, म्हणून निक्स. मग संस्कृतात हा कुठे गेला? 'हिम' नव्हे. हिमाचं गोत्र वेगळं, ते लॅटिनमधल्या हिवाळ्याच्या शब्दाचं नातलग. संस्कृतात या धातूचं रूप आहे 'स्निह्'. त्यापासून स्नेह. त्यापासून स्निग्ध.

होय, निव्हिया आणि स्नेह एका मुळाचे! संस्कृतात 'स्नेह' म्हणजे आधी तेल, चिकटपणा, ओशटपणा. माया हा अर्थ त्यावरूनच आला, कारण माणसं एकमेकांना धरून राहतात. आयुर्वेदातलं स्नेहन म्हणजे तेलातुपाचाच उपचार, त्यात मायेचा संबंध नाही. आणि निव्हिया क्रीम ही चीज काय आहे? तेलात पाणी. लोकरीच्या चरबीपासून काढलेल्या ऑयसेरिट नावाच्या द्रव्यामुळे तेलात पाण्याचे बारीक थेंब धरून ठेवता आले, फुटेनासे झाले, म्हणून तर हे क्रीम टिकाऊ झालं. नाव ठेवलं पांढऱ्या रंगावरून, पण वस्तू निघाली आपल्या अर्थाने स्निग्ध. युरोपातला अर्थ डबीवर आणि भारतातला डबीच्या आत.

यात तिसरं नावही आहे. चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या क्रीमला मराठीत 'स्नो' म्हणत असत. 'स्नो-पावडर' हा जोडशब्द अजून कानावर येतो. तो आला 'हेझलीन स्नो'सारख्या मालाच्या नावांवरून. तेव्हा स्नो, निव्हिया आणि स्निग्धता ही तिन्ही एकाच धातूची लेकरं, तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच गालावर भेटली. याहून सुंदर व्युत्पत्ती मला तरी माहीत नाही.

यावर नाकं मुरडणारे विद्वान आहेत. त्यांचं म्हणणं, बर्फ कुठे आणि तेल कुठे, हे दोन स्वतंत्र धातू असतील, ध्वनी योगायोगाने सारखे. मला हा आळस वाटतो. बर्फाचं पडणं ज्यांनी नीट पाहिलं आहे त्यांना विचारा : ओलसर भुरभुर आधी चिकटते, फांदीला, केसांना, लोकरीच्या कपड्याला, आणि मग ओलं करते. चिकटणं आणि ओलं करणं, 'स्निह्'चे संस्कृतातले अर्थ नेमके हेच. संस्कृतची सख्खी बहीण म्हणजे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाची भाषा. तिथे हाच धातू सरळ 'बर्फ पडणे' याच अर्थाने येतो. सख्ख्या बहिणींपैकी एकीकडे फक्त बर्फ, दुसरीकडे फक्त चिकटणं, आणि तरी धातू दोन? मग प्रत्येकीने बरोब्बर एकेक धातू कसा काय हरवला? मला वाटतं, उष्ण मुलखात उतरल्यावर बर्फ मागे पडला आणि बर्फाचा गुण तेवढा शब्दात उरला.

आणि अर्थाचं सोडा, ध्वनी बघा. स्निह् मध्ये 'ह्' आहे, पण स्निग्ध मध्ये 'ग्'. हा 'ग्' हवेतून आला नाही. दह्-दग्ध, दुह्-दुग्ध यांत येतो तोच हा, आणि मूळ धातूच्या शेवटी कंठ्य व्यंजन होतं याची ती खूण आहे. ज्या धातूंत ते नव्हतं त्यांचं 'ढ' होतं : लिह्-लीढ, वह्-ऊढ. आता रशियन स्नेग मधला 'ग' बघा. लॅटिन 'निंग्विट', म्हणजे 'बर्फ पडतो', यातला 'ग' बघा. तोच. स्वरांच्या मध्ये सापडल्यावर लॅटिनने त्याचा 'व' केला, म्हणून निविस, म्हणून निव्हिया.

कुणी पाणिनी पुढे करतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 'वा द्रुहमुहष्णुहष्णिहाम्' या सूत्राने द्रुह्, मुह्, स्नुह् आणि स्निह् या चार धातूंना 'ग्ध' आणि 'ढ' दोन्ही रूपं चालतात. बरोबर आहे. मुह् ची दोन्ही रूपं मराठीनेही ठेवली, मुग्ध आणि मूढ, आणि दोघांत केवढं अंतर पाडलं! पण स्निह् चं 'स्नीढ' सूत्रात राहिलं आणि लोकांच्या तोंडी स्निग्धच टिकलं. जे निव्हियाला आणि स्नेहाला परके ठरवतात, त्यांनी अर्थाचे दाखले देण्याआधी स्निग्धमधल्या या 'ग्'चा आणि स्नेगमधल्या 'ग'चा हिशोब द्यावा.