वाचक विचारतात: बोअरची भुकटी लॅबला चालते का?

प्रश्न: सर, विजापूर रोडला तळघरासकट घर बांधायचंय. शेजारच्या प्लॉटवर बोअर मारला, त्याची काळी भुकटी पिशवीत भरून ठेवलीय. मिस्त्री म्हणतो खाली सगळा काळा पाषाण आहे, उगाच पैसे घालवू नका. पोरगा सिव्हिल डिप्लोमाला आहे, तो म्हणतो दगड लॅबला द्या. तिथं करतात काय आणि ही भुकटी चालेल का? आणि कराडकडं तीन किलोमीटर बोअर मारलाय म्हणे, तो कशाला?

उत्तर: पोराचं ऐका. भुकटी मात्र चालत नाही, हॅमरनं दगडाचा चुरा केल्यावर ताकद कशाची मोजणार, मुरूम कुठं संपला आणि गेरूचा पट्टा कुठं लागला एवढंच त्यातनं कळतं. लॅबला अख्खा कोअर लागतो, म्हणजे डायमंड बिटनं कापून काढलेला दगडाचा गोल दांडका, बहुतेक 54 मिलिमीटर जाडीचा. त्याचा जाडीच्या दुप्पट-अडीचपट लांब तुकडा कापतात, दोन्ही टोकं घासून सपाट करतात आणि मशीनमध्ये उभा धरून फुटेपर्यंत दाबतात. ताजा घट्ट बेसाल्ट, म्हणजे मिस्त्रीचा काळा पाषाण, चौरस सेंटीमीटरला हजार-दीड हजार किलो आरामात सोसतो, तोच मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, निघाला तर आकडा धाडकन खाली येतो. तुमचं तळघर आहे, त्यामुळं भिजवलेल्या तुकड्याचीही टेस्ट मागा, ओला दगड बऱ्याचदा कमी भरतो.

पण खरी गंमत पुढंच आहे. मशीनमध्ये जातो तो पेटीतला सगळ्यात धड तुकडा, मग रिपोर्ट चांगला येणारच की! म्हणून कोअरची लाकडी पेटी साइटवरच उघडून बघा. दीड मीटर ड्रिल केलं आणि 10 सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडे मिळून 60 सेंटीमीटरच भरले, तर आरक्यूडी (दगड किती अखंड आहे त्याचा आकडा) 40 टक्के, म्हणजे दगड कितीही कडक असला तरी खाली भेगाच भेगा, आणि तळघरात पाणी येणार ते त्याच भेगांतनं. मिस्त्रीच्या ‘काळ्या पाषाणात’ हे कुठंच येत नाही.

कोअर परवडत नसेल तर खड्ड्यातले मुठीएवढे डबर न्या, दोन टोकांत धरून फोडायची पॉइंट लोड टेस्ट त्यावर होते, अंदाज येतो. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किंवा बंगळुरूची राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था यांच्याकडं धरण-बोगद्यांची कामं असतात, घरासाठी साधी जिओटेक्निकल लॅब पुरते.

कराडचं म्हणाल तर तिथं भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल लॅब आहे. 1967 ला कोयनेचा भूकंप झाला आणि तिथं अजूनही हादरे बसतात, म्हणून कोयना भागात गोठणे गावाजवळ तो 3 किलोमीटरचा बोअर मारला. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर असाच 617 मीटरचा मारला होता, तिथं बेसाल्ट 338 मीटरलाच संपला. 3 किलोमीटरवर वरच्या खडकाचाच भार चौरस सेंटीमीटरला साधारण 800 किलो होतो, म्हणून तसल्या कोअरला लॅबमध्ये चहूबाजूंनी तेलाचा दाब देऊन मग फोडतात. तुमच्या तळघराला त्याची गरज नाही.